अणुवीज केंद्रातले प्रेशर ट्रान्समीटर : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

अणुवीज केंद्रांतल्या दाब आणि पातळीच्या मोजमापाबद्दल आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रेशर ट्रान्समीटर म्हणजे दाब मोजून त्याचा विजेचा सिग्नल पाठवणारं उपकरण; पाण्याची पातळीही त्याच्याच मदतीने काढतात. पाण्याच्या पातळीच्या उत्तराला जास्त जागा दिली आहे, कारण आजवरच्या मोठ्या अपघातांत सगळ्यात जास्त दिशाभूल तिथेच झाली आहे.

प्रश्न : मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून अप्रेंटिस म्हणून लागलो आहे. केमिकल कारखान्यातला ट्रान्समीटर २४ व्होल्टवर चालतो आणि ४ ते २० मिलीअँपिअर देतो, अणुवीज केंद्रातलाही तेच करतो. मग त्याची किंमत कित्येक पट कशासाठी? (बोईसर)

आतलं तत्त्व खरोखरच एक आहे. बाहेरचा पातळ डायफ्राम (धातूचा पडदा), त्याच्या मागे सिलिकॉन तेल, तेलातून मधल्या डायफ्रामवर पोचणारा दाब, आणि तो डायफ्राम केसभर सरकला की बदलणारं कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता). रोजच्या कामात दोघांत फारसा फरक दिसणार नाही.

फरक पडतो तो अपघाताच्या दिवशी. अणुभट्टीच्या इमारतीत मुख्य पाइप फुटला, तर काही सेकंदांत सगळीकडे दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपासची वाफ कोंदते. दाबाखालच्या साध्या पाण्याच्या भट्ट्यांमध्ये वरून बोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचा फवारा सुरू होतो. किरणोत्सर्ग एकदम वाढतो. ट्रान्समीटरने नेमकं त्याच वेळी बरोबर मोजायचं असतं, आणि तेही कदाचित तीस-पस्तीस वर्षं त्याच जागी तापत बसल्यानंतर.

किरणोत्सर्गाचं प्रमाण बघा. माणसाच्या सर्वांगाला ४ ते ५ ग्रे (किरणमात्रेचं एकक) मात्रा एकदम मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. अणुभट्टीच्या इमारतीत बसवायच्या ट्रान्समीटरची चाचणी २ लाख ग्रे किंवा त्याहून जास्त मात्रेची असते. एवढ्या मात्रेत मॉसफेट या जातीच्या ट्रान्झिस्टरमध्ये गेटखालच्या (नियंत्रण टोकाखालच्या) ऑक्साइडच्या थरात विद्युतभार अडकून राहतो आणि तो ट्रान्झिस्टर भलत्याच व्होल्टेजला चालू-बंद होऊ लागतो. बायपोलर या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचा गेन (सिग्नल मोठा करण्याची पट) घसरतो, पण तेवढी तूट धरून सर्किट आखता येतं. म्हणून मायक्रोप्रोसेसर (तो मॉसफेटचाच बनतो) असलेले स्मार्ट ट्रान्समीटर सगळ्या कारखान्यांत पोचले, तरी अणुभट्टीच्या इमारतीत सुट्या भागांचं अॅनालॉग सर्किट अजून टिकून आहे. नव्या मुलांना ते जुनाट वाटतं. त्या जागेसाठी तेच योग्य आहे.

केंद्रातला प्रत्येक ट्रान्समीटर असा नसतो, हेही ध्यानात घ्या. टर्बाइन हॉलमध्ये, कूलिंग वॉटरच्या पंपावर साधे औद्योगिक ट्रान्समीटरच बसलेले असतात.

प्रश्न : आमचा लघुउद्योग दाबाची उपकरणं बनवतो. सुरक्षा-वर्गातला (अपघातातही चालायलाच हवा असा) ट्रान्समीटर बनवायचा झाला तर कोणत्या चाचण्या द्याव्या लागतात? वेगवेगळे नमुने वेगवेगळ्या चाचण्यांना पाठवले तर चालतात का? (अंबड, नाशिक)

नाही चालत. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या ३२३ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे (आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबरच्या सध्याच्या संयुक्त मानकाचा क्रमांक ६०७८०-३२३) सगळ्या चाचण्या एकाच नमुन्याने, ठरलेल्या क्रमाने द्यायच्या असतात. आधी मूळ कामगिरीची नोंद, मग उष्णतेने कृत्रिम म्हातारपण, दाबाची हजारो आवर्तनं, मग गॅमा किरणांची मात्रा, मग कंपन आणि भूकंप, आणि सगळ्यात शेवटी वाफेची कोठी. थकलेल्या, भाजलेल्या, हादरलेल्या नमुन्यालाच वाफ सोसावी लागते. नवा कोरा नमुना वाफेत टिकला, याचा पुरावा म्हणून काहीच उपयोग नाही. भूकंपाची चाचणी आयईईई ३४४ प्रमाणे होते. आधी लहान भूकंपाचे पाच धक्के, मग मोठ्या भूकंपाचा एक. बंगळुरूच्या सीपीआरआय या केंद्रीय वीज संशोधन संस्थेत अशा चाचण्यांसाठी शेक टेबल (भूकंपासारखं हलणारं टेबल) आहे.

प्रत्येक टप्प्यावर वरची शिल्लकही दाखवावी लागते. त्या मानकाच्या १९७४ च्या आवृत्तीत दिलेले आकडे आजही कामाचे आहेत : अपघाताच्या तापमानावर ८ अंश जास्त, गेज दाबावर १० टक्के, किरणमात्रेवर १० टक्के, सप्लाय व्होल्टेजला दोन्ही बाजूंनी १० टक्के.

कृत्रिम म्हातारपणाचं गणित आऱ्हेनियसच्या सूत्राने करतात (तापमान वाढलं की झीज किती वेगाने होते, हे ते सांगतं). समजा, तुमच्या सर्किटमधल्या सर्वांत नाजूक भागाची सक्रियण ऊर्जा (झीज घडायला लागणारी ऊर्जा) ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे आणि जागेचं तापमान ५० अंश. मग १२० अंशांच्या भट्टीत सुमारे ८७ दिवस ठेवलं की ४० वर्षं भरली. आता हेच उलटं करून बघा. तोच ट्रान्समीटर प्रत्यक्षात ६० अंशांच्या कोपऱ्यात बसवला, तर त्याच चाचणीवर त्याचं आयुष्य ४० वर्षांवरून साधारण १७ वर्षांवर येतं. फरक फक्त १० अंशांचा. म्हणून प्रमाणपत्रावर 'आयुष्य ४० वर्षं' एवढंच लिहून भागत नाही. किती तापमानाला, ते लिहिलंच पाहिजे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. चाचण्या पार पडल्यावर ओ-रिंगचं (सांधा बंद करणाऱ्या गोल कड्याचं) रबर, तेलाची जात किंवा एखादा कपॅसिटरचा पुरवठादार बदलला, तर त्या बदलाचं लेखी समर्थन द्यावं लागतं. ते जमलं नाही तर चाचणी पुन्हा. त्यामुळे चाचणीला बसण्याआधीच पुढच्या वीस वर्षांच्या सुट्या भागांची सोय बघा. सुरुवात मात्र सौम्य वातावरणातल्या जागांच्या उपकरणांपासून करा, असं आम्ही मनापासून सुचवू. तिथे किरणोत्सर्ग आणि वाफेची चाचणी नसते, भूकंपाची असते. कागदपत्रांची शिस्तही तिथेच अंगवळणी पडते.

प्रश्न : मी निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आहे. अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड आणि जपानमधलं फुकुशिमा, दोन्ही अपघातांत पाण्याच्या पातळीचे आकडे फसवे निघाले असं वाचलं. दाबाच्या फरकावरून पातळी काढणं तर अगदी साधं गणित आहे. ते चुकतं कुठे? (सांगली)

दोन्हीकडची चूक वेगळी आहे, सर, म्हणून आधी ती सोडवून घेऊ.

२८ मार्च १९७९ ला थ्री माइल आयलंडमध्ये प्रेशरायझरच्या (भट्टीतल्या पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीच्या) माथ्यावरचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडाच अडकला. तिथून वाफ निसटू लागली, खाली भट्टीत पाणी उकळू लागलं आणि फुगलेलं पाणी-वाफेचं मिश्रण प्रेशरायझरमध्ये चढलं. पातळीचा काटा वर गेला. काटा प्रेशरायझरची पातळी दाखवत होता. भट्टीच्या पात्रातली पातळी थेट दाखवणारं उपकरण तिथे नव्हतंच. प्रेशरायझर भरलाय म्हणजे भट्टीही भरलेलीच, असं समजून चालकांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. म्हणजे उपकरण जे मोजत होतं त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. अपघातात कोणती उपकरणं टिकली पाहिजेत आणि त्यांनी काय दाखवलं पाहिजे, याचे अमेरिकी नियम डिसेंबर १९८० मध्ये नव्याने लिहिले गेले ते या धड्यातून.

फुकुशिमाच्या पहिल्या युनिटमध्ये मात्र मोजमापच बिघडलं. ते समजायला मांडणी डोळ्यांसमोर आणा. पात्राच्या वरच्या भागातून एक नळी निघते आणि छोट्या कंडेन्सेट पॉटमध्ये जाते. तिथे वाफ थंड होऊन पाणी होतं, आणि त्या पाण्याने भरलेली उभी नळी खाली ट्रान्समीटरच्या एका बाजूला येते. हा रेफरन्स लेग, त्याची उंची कायम. दुसरी नळी पात्राच्या खालच्या भागातून ट्रान्समीटरच्या दुसऱ्या बाजूला येते. पात्रात पाणी कमी, तर दोन बाजूंतला फरक जास्त. पाणी भरपूर, तर फरक कमी.

फुकुशिमासारख्या उकळत्या पाण्याच्या भट्टीत दाब सुमारे ७० बार असतो. तेव्हा आतल्या पाण्याची घनता सुमारे ७४० किलो प्रति घनमीटर, वाफेची ३६. बाहेरच्या लेगमध्ये ४० अंशांचं पाणी आहे, त्याची ९९२. दोन टोकांत २ मीटर अंतर धरलं, तर पात्र 'रिकामं' असताना फरक १९११ मिलिमीटर पाण्याइतका, आणि 'भरलेलं' असताना ५०४ मिलिमीटर. स्पॅन, म्हणजे या दोन्हींतलं अंतर, १४०७ मिलिमीटर.

आता इमारतीत वाफ भरली आणि लेगमधलं पाणी १४० अंशांपर्यंत तापलं असं समजा. घनता ९२६ वर आली, फरक १३२ मिलिमीटरने घटला. ट्रान्समीटरला वाटतं की पातळी वाढली, आणि तो ९ टक्के जास्त दाखवतो. पात्रात थेंबभरही पाणी वाढलेलं नसतं.

याहून वाईट म्हणजे लेगमधलं पाणी उकळून निघून जाणं. बाहेर उष्णता आणि आत घसरता दाब असला की ते होतंच. रिकामा लेग म्हणजे कमी फरक, आणि कमी फरक म्हणजे उंच पातळी. फुकुशिमात ११ मार्च २०११ च्या रात्री पहिल्या युनिटचा आकडा इंधनाच्या माथ्यावर पाणी असल्याचं सांगत होता. मे महिन्यात कामगार इमारतीत पोचले, उपकरण पुन्हा कॅलिब्रेट केलं (जुळवून तपासलं), तेव्हा पातळी इंधनाच्या माथ्यापासून ५ मीटरहून खाली असल्याचं कळलं. रेफरन्स लेगचा असा बिघाड नेहमी 'पाणी आहे' या बाजूलाच झुकतो. म्हणूनच ती इतकी घातक.

तिसरा प्रकार सोडावॉटरच्या बाटलीसारखा. रेडिओलिसिसने, म्हणजे किरणोत्सर्गामुळे फुटून, पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, ते कंडेन्सेट पॉटमध्ये साठतात आणि लेगच्या पाण्यात विरघळतात. भट्टीचा दाब झपाट्याने उतरवला की बूच उडवल्यासारखे बुडबुडे सुटतात आणि पाणी बाहेर ढकललं जातं. अमेरिकेत १९९२-९३ मध्ये यावर नियामकांनी सूचना काढल्या. उपाय साधा निघाला : कंट्रोल रॉडच्या हायड्रॉलिक व्यवस्थेतलं वायू नसलेलं पाणी लेगमध्ये सतत थोडं थोडं सोडत राहायचं. तारापूरची १९६९ पासूनची पहिली दोन युनिटं उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांची आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी हा प्रकार नुसता परदेशचा नाही.

प्रश्न : पातळीच्या एका ट्रान्समीटरवर काम करताना इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडला आणि शेजारच्या चॅनलचाही (स्वतंत्र मोजमाप-साखळीचाही) आकडा हलला. आमच्या हातून काय चुकलं? (नाव-गाव छापू नये अशी विनंती)

मॅनिफोल्ड म्हणजे ट्रान्समीटरच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्हचा ठोकळा. त्यातले तिन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिले असणार : दोन नळ्या बंद करणारे दोन आयसोलेशन आणि त्या नळ्या आपसात जोडणारा इक्वलायझिंग. दोन्ही आयसोलेशन आणि मधला इक्वलायझिंग उघडा असला की रेफरन्स लेगमधलं उंच उभं पाणी मॅनिफोल्डमधून सरळ पात्राकडे निघून जातं. शेजारचा ट्रान्समीटर त्याच लेगवर असेल तर त्याचाही पाया सरकतो. नंतर सगळं पूर्ववत केलं, तरी लेग भरेपर्यंत दोघंही चुकीची, उंच पातळी दाखवतात. कंडेन्सेट पॉटमधून लेग आपोआप भरायला बराच वेळ लागतो. घाई असेल तर केंद्राच्या पद्धतीप्रमाणे पाणी खालून पंपाने भरावं लागतं.

क्रम असा ठेवा. कंट्रोल रूमची परवानगी घ्या आणि चॅनल ट्रिपमध्ये टाकायचा (त्याने बंदचा इशारा दिलाय असं धरायचं) की बायपासमध्ये (मतदानातून वगळायचा) ते लेखी घ्या. तीनपैकी दोन चॅनलनी इशारा दिला की भट्टी बंद, अशा मतदानात एक चॅनल ट्रिपमध्ये टाकला तर उरलेल्या दोनपैकी एकाच्या इशाऱ्यावर भट्टी बंद होते. बायपासमध्ये टाकला तर दोन्ही लागतात. मग सगळ्यात आधी रेफरन्स लेगच्या बाजूचं आयसोलेशन बंद करा, अगदी सावकाश. त्यानंतर इक्वलायझिंग उघडा. फरक शून्य झाला की आकडा 'भरलेलं' दाखवेल, तेव्हा उंच पातळीच्या अलार्मची कंट्रोल रूमला आधीच कल्पना द्या. शेवटी दुसरं आयसोलेशन बंद करून व्हेंटमधून (हवा-पाणी सोडायच्या तोंडातून) अडकलेला दाब सोडा.

परत चालू करताना दोन्ही बाजूंची हवा पूर्ण काढा. इक्वलायझिंग उघडा असतानाच आधी पात्राच्या बाजूचं आयसोलेशन हळू उघडा, म्हणजे डायफ्रामच्या दोन्ही अंगांना सारखा दाब बसतो. मग इक्वलायझिंग बंद. सगळ्यात शेवटी रेफरन्स बाजू. इक्वलायझिंग बंद झाला याची खात्री दोनदा करा. तो जरासा पाझरत राहिला तरी लेग हळूहळू रिकामा होतो आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये आलेला ट्रान्समीटर पाचही बिंदूंवर कॅलिब्रेशनमध्ये बसतो. ग्राहकाची तक्रार मात्र अशी, की लाइनवर तो 'झोपलेला' वाटतो, बाकी दोन चॅनलपेक्षा उशिरा हलतो. दोष कुठे शोधावा? (भोसरी)

नळ्या आणि मॅनिफोल्ड साफ असतील तर तेलाच्या गळतीचा संशय घ्या. सेन्सरच्या काच-धातूच्या जोडातून तेल थोडं थोडं निसटलं की बाहेरचा डायफ्राम मागच्या धातूला टेकू लागतो. दाब वाढतो, पण तो आत पोचवायला पुरेसं तेल उरलेलं नसतं. अमेरिकेत कनेक्टिकटच्या मिलस्टोन केंद्रात तिसऱ्या युनिटमध्ये असे ट्रान्समीटर सापडले आणि मार्च १९९० मध्ये तिथल्या नियामक आयोगाने ९०-०१ क्रमांकाचं बुलेटिन काढलं. त्यात सांगितलेली लक्षणं आजही तपासणीचा पाया आहेत : एकाच दिशेने हळूहळू वाढत जाणारा ड्रिफ्ट (आकड्याचं सरकणं), मंद प्रतिसाद, पूर्ण रेंजपर्यंत न पोचणं, आणि सिग्नलवरची नेहमीची थरथर कमी होणं.

तुमच्या बेंचवर तो का बसतो, तर तिथे तुम्ही दाब सावकाश चढवता आणि प्रत्येक बिंदूवर थांबता. मंद ट्रान्समीटरला थांबायला वेळ मिळतो. शिवाय लाइनवरचा कायमचा उंच दाब बेंचवर नसतो.

तेव्हा दोन गोष्टी करा. ग्राहकाकडून मागच्या प्रत्येक कॅलिब्रेशनचे 'सापडला तसा' आकडे मागवा, दुरुस्तीनंतरचे नकोत. दरवेळी झीरो (दाब नसतानाचा आकडा) एकाच बाजूला सरकत असेल, तर प्रत्येक वेळी झीरो जुळवून आपण दोष पुसत आलो आहोत असं समजा. दुसरं, चांगला आणि संशयित असे दोन ट्रान्समीटर एकाच टी-जोडावर लावा, दाबाचा उतार वेगाने द्या आणि दोन्हींचं आउटपुट एकत्र रेकॉर्ड करा. संशयित ट्रान्समीटर किती मिलिसेकंद मागे पडतो ते कागदावर दिसेल. केंद्रात न उतरवता बघायचं तर सिग्नलच्या थरथरीचं विश्लेषण करतात. तेल गेलेल्या ट्रान्समीटरची रेषा शेजाऱ्यांपेक्षा गुळगुळीत असते. अशी छान सरळ रेषा पाहून खूश होणारे लोक असतात, त्यांना हे जरूर सांगा.

प्रश्न : जड पाण्याच्या लाइनवरच्या ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन साध्या पाण्याच्या हिशेबाने केलं तर किती फरक पडतो? (रावतभाटा)

जड पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जड. साध्या पाण्याचा एक मीटरचा स्तंभ ०.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, जड पाण्याचा ०.११. मुख्य उष्णतावहन लाइनच्या ८० किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वरच्या दाबात हा फरक बुडून जातो. पण टाकीच्या पातळीसाठी तोच फरक थेट ११ टक्क्यांची चूक होतो. व्हेंट करताना निघणारं पाणी बंद बाटलीतच घ्या. त्यात ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) असतो, आणि जड पाणी मोलाचंही असतं.

प्रश्न : कव्हर उघडून झीरो जुळवल्यावर तीच ओ-रिंग परत बसवली तर काय बिघडतं? आणि सांध्यांना टेफ्लॉन टेप का नको म्हणतात? (पालघर)

टेफ्लॉनचं आधी. किरणोत्सर्गापुढे टिकण्यात टेफ्लॉन प्लॅस्टिकांत जवळजवळ सगळ्यात कच्चं आहे. काहीशे ग्रेपासूनच ते ठिसूळ व्हायला लागतं आणि त्यातून फ्लोरिनची संयुगं सुटतात. स्टेनलेस स्टीलजवळ ती नकोत. केंद्राने मान्य केलेलं, क्लोराइड-फ्लोराइडची मर्यादा पाळणारं सीलंटच वापरा.

ओ-रिंगने एकदा दाबून आकार घेतला की ती तेवढी परत फुगत नाही. कोरड्या दिवसांत काही कळणार नाही. वाफेच्या दाबाखाली मात्र तिथूनच ओल आत शिरेल. आत काय होतं ते आकड्यात बघा. ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर सुमारे २१ व्होल्ट असतात. ओलीमुळे दोन टर्मिनलांमधला रोध १ लाख ओमवर आला, तर ०.२१ मिलीअँपिअर प्रवाह त्या ओलीतून वाहतो आणि लूपच्या प्रवाहात मिळतो. १६ मिलीअँपिअरच्या स्पॅनवर हे १.३ टक्के. रोध २० हजार ओमवर घसरला तर साडेसहा टक्के. ही चूकही नेहमी वरच्याच बाजूची.

म्हणून कव्हर उघडलं की नवी ओ-रिंग, त्याच मंजूर जातीची, पाकिटावरची साठवणीची तारीख बघून. खोबण लिंट नसलेल्या कापडाने पुसा, आडवा ओरखडा असेल तर नखाला लागतो, तो तपासा. ओ-रिंग ईपीडीएम जातीच्या रबराची असेल तर तिला फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. खनिज तेलाच्या ग्रीसने ते रबर फुगतं आणि मऊ पडतं. कव्हर मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, हाताच्या अंदाजाने नको. केबलच्या तोंडाचं सीलही त्याच वेळी बघा, कारण वाफ केबलच्या आवरणाखालूनही चालत येते. मेगर (इन्सुलेशन तपासायचं उपकरण) लावायचा असेल तर आधी ट्रान्समीटर सोडवा, ५०० व्होल्ट त्याच्या सर्किटला सोसत नाहीत. आणि कव्हर उघडल्याची तारीख, नव्या ओ-रिंगचा बॅच नंबर आणि टॉर्कचा आकडा कामाच्या नोंदीत त्याच दिवशी लिहा.